डॉक्टरचं कार्ड

त्या कार्डाला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं डॉक्टर ईश्वरप्पा हत्तुरे सहा वर्षं स्वतःला सांगत आले होते. राहून जाणं वेगळं आणि न देणं वेगळं, हे त्यांना समजत नव्हतं असं नाही. पण समजलेल्या सगळ्याच गोष्टी माणूस रोज काढून बघत नाही.

कार्ड जोडकार्ड होतं. एका अर्ध्यावर प्रश्न, दुसरा अर्धा उत्तरासाठी कोरा. कोऱ्या अर्ध्यावर पाठवणाऱ्यानं स्वतःचा पत्ता आधीच घालून ठेवला होता. उत्तर देणाऱ्यानं फक्त चार ओळी खरडायच्या, मधल्या घडीवर फाडायचं आणि पेटीत टाकायचं. यापेक्षा सोपं काम टपालखात्यालाही सुचलं नसतं. तेवढंही डॉक्टरांच्या हातून झालं नाही. कार्ड त्यांच्या रक्तरोगांच्या जाड पुस्तकात खुणेसारखं पडून राहिलं. ते पान उघडायची वेळ आली की डॉक्टर कार्ड न वाचता दुसऱ्या पानात सरकवत.

वाचायची गरजही नव्हती. मजकूर पाठ होता.

'डॉक्टरसाहेबांस रेवणप्पाचा नमस्कार. चंद्रव्वाला रक्त काढल्यापासून लई थकवा आहे. दवाखान्यातून दिलेल्या लाल गोळ्या संपल्या. त्याच गोळ्या हितं दुकानात मिळतात. अजून द्यायच्या का न्हाय, ते कळवावे. जोडकार्ड पाठवले आहे.'

खाली तारीख, सप्टेंबर १९७२.

डॉक्टर त्या वेळी सोलापुरातल्या एका मोठ्या इस्पितळात होते. रक्ताचे विकार हा त्यांचा विषय. विषय म्हणजे काय, तर एक सूक्ष्मदर्शक, पूर्वेकडची एक खिडकी आणि मुंबईहून कोणी पाठवली तर येणारी मासिकं. गावचं पाणी एवढं जड की काचपट्टीवरचा रंग नीट धरत नसे. म्हणून ते मोटारीच्या बॅटरीत घालायचं पाणी दुकानातून आणत आणि त्यात रंग कालवत. दुकानदार विचारायचा, "डॉक्टर, मोटार कधी घेतली?" डॉक्टर लाजून हसत आणि बाटली पिशवीत घालत.

रक्ताचा कर्करोग झालेली माणसं त्यांच्याकडे आली की बहुधा थोड्याच दिवसांची सोबत असे. गिरणीतला एखादा तरणा कामगार हिरड्यांतून रक्त येतं म्हणून यायचा आणि महिना-दीड महिन्यात त्याची खाट रिकामी व्हायची. डॉक्टरांच्या हाती एवढंच, की पेशी मोजायच्या, नाव सांगायचं आणि नातेवाइकांच्या डोळ्यांत न बघता कागदावर सही करायची. अशी पंचवीस वर्षं गेली. माणूस थकतो. न लागलेल्या उपायांचाच थकवा जास्त असतो.

पण एक दुर्मिळ रोग असा होता, की त्यात काही करता येई. त्यात तांबड्या पेशी बेसुमार वाढतात, रक्त काकवीसारखं दाट होतं. तोंड लाल, डोळे लाल, डोकं जड. त्या काळची पुस्तकं त्याला सरळ कर्करोग म्हणायला कचरत, पण त्याच कुळातला तो. उपाय अगदी अडाणी वाटावा असा होता. शिरेत सुई घालून बाटलीभर रक्त काढायचं आणि टाकून द्यायचं. परत दाटलं की परत काढायचं. असं करत माणूस दहा-दहा वर्षं जगे. पंधरा वर्षांत डॉक्टरांना असे अकरा रुग्ण मिळाले होते. रेवणप्पाची बायको, मैंदर्गीची चंद्रव्वा, त्यांतली सातवी.

ती आली होती खाजेसाठी. अंगावर पाणी पडलं की हजार मुंग्या डसल्यासारखं व्हायचं. आंघोळ केल्याशिवाय लिंगपूजा नाही, आणि पूजेशिवाय तोंडात पाणी घ्यायचं नाही, हा तिच्या घरचा नेम. त्यामुळे रोज सकाळी ती आंघोळ करायची, दात आवळून अर्धा तास खांबाला अंग घासायची आणि मग पूजेला बसायची. गावात कोणी म्हणालं देवाचा कोप, कोणी म्हणालं करणी. डॉक्टरांनी तिचे लाल तळवे बघितले, पाण्याचं ऐकलं आणि त्यांना एकदम पुस्तकातलं पान आठवलं. त्या दिवशी ते इतके खूश झाले, की नंतर त्या खुशीचीच त्यांना शरम वाटत राहिली.

तीन वेळा रक्त काढलं. चौथ्या दिवशी चंद्रव्वा ओल्या केसांनी वॉर्डात हसत उभी होती. "अप्पा, आज मुंग्या आल्या न्हाईत की!" असं म्हणून तिनं डॉक्टरांचे पाय धरले. डॉक्टर मागे सरकले आणि सलाइनच्या स्टँडला धडकले. सगळा वॉर्ड हसला.

घरी जाताना तिला लाल गोळ्यांची पुडी कोणी दिली, हे त्यांनी बघितलं नव्हतं. ते तेव्हा खिडकीपाशी तिच्या पेशी मोजत होते.

लाल गोळ्या म्हणजे लोहाच्या. अंगात रक्त भरायच्या. ज्या बाईचं रक्त कमी व्हावं म्हणून सुई घातली, तिलाच रक्त वाढवायचं खाद्य. कार्ड आलं तेव्हाच डॉक्टरांच्या हे ध्यानात आलं होतं. 'देऊ नका' एवढे दोनच शब्द लिहायचे होते. पण ते पुस्तकातले माणूस. रक्त काढल्यावर लोह कमी पडून थकवा येतो, मग थोडं द्यावं की नाही, यावर कुठंतरी काहीतरी वाचल्यासारखं वाटत होतं. आधी नक्की करावं, मग लिहावं, म्हणून त्यांनी मुंबईला एका मासिकाच्या अंकासाठी पत्र टाकलं. अंक आला फेब्रुवारीत. त्यात लिहिलं होतं, देऊ नये. तोवर पाच महिने झाले होते, चंद्रव्वा ठरल्या तारखेला आली नव्हती, आणि आता लिहायचं म्हणजे इतके दिवस का नाही लिहिलं हेही लिहावं लागणार होतं.

मग कार्ड पुस्तकातच राहिलं.

आता १९७८ सरत आलं होतं. डॉक्टरांना निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, बायको जाऊन चार. बाळीवेशीतल्या दोन खोल्यांत ते, त्यांची पुस्तकं आणि अकरा रुग्णांचे कागद. त्या अकरा जणांवर एक निबंध लिहून तो मुंबईच्या परिषदेला पाठवायचा, एवढी एकच हौस उरली होती. निबंध आठव्यांदा लिहून झाला होता. दर वेळी सातव्या रुग्णापाशी लेखणी अडे. जुना विद्यार्थी मानसिंग मुंबईत प्राध्यापक झाला होता, त्यानं कळवलं होतं, 'सर, पुढील माहिती उपलब्ध नाही असं लिहून मोकळे व्हा. सगळेच लिहितात.'

डॉक्टरांनी तसं लिहिलं. मग पुस्तक उघडलं, कार्ड काढलं आणि निबंधाशेजारी ठेवलं. दोन्ही एकाच टेबलावर राहीनात. ते उठले, धोतर सारखं केलं आणि चार घरं टाकून राहणाऱ्या शरणम्मांकडे गेले.

शरणम्मा वॉर्डाच्या सिस्टर होत्या. आता त्याही घरीच. उखळात शेंगांची चटणी कुटत होत्या.

"या की सर! आज वाट चुकला का?"

डॉक्टरांनी कसंबसं विचारलं, "शरणम्मा, रक्त काढलेल्या बाईला लाल गोळ्या कोण द्यायचं?"

"कोण म्हणजे? आमीच. रक्त दिलं की कपभर चहा, दोन बिस्किटं आणि लाल गोळ्यांची पुडी. नियमच होता की."

"तो रक्त देणाऱ्यांसाठी. तिनं दिलं नव्हतं. आपण काढलं होतं."

शरणम्मांचा मुसळाचा हात थांबला. "बाटली तीच, सुई तीच, सर. वॉर्डात तीस खाटा. देणारी कोण आणि काढलेली कोण, हे मला कोण सांगणार? तुमी सांगितलं होतं का?"

"कागदावर लिहिलं होतं. रोगाचं नाव."

"इंग्रजीत." त्यांनी हातावरचं तिखट झटकलं. "आणि तुमचं अक्षर! कंपाउंडर म्हणायचा, डॉक्टरांच्या कागदावर मुंग्या मेल्यात." मग त्यांच्या ध्यानात आलं आणि आवाज उतरला. "का हो? त्या मैंदर्गीच्या बाईचं काय झालं? माझ्या पुडीनं काय झालं का?"

"माहीत नाही."

"जिवंत हाय का गेली, तेबी माहीत न्हाय?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

"मग हितं काय बसलाय? आधी जाऊन बघा की. मेल्याबिगर कशाला रडायचं?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टर अक्कलकोटवरून मैंदर्गीला गेले. कार्ड कोटाच्या आतल्या खिशात होतं. एस.टी.त त्यांनी मनात दोन उत्तरं तयार केली, एक ती जिवंत असेल तर आणि एक नसेल तर. उतरेपर्यंत दोन्ही विसरले.

स्टँडसमोरच्या चहावाल्याकडे बाकावर टेकले. शेजारच्या एका शेतकऱ्यानं विचारलं, "परतीची अक्कलकोट गाडी कधी हाय रं?"

चहावाला किटली न थांबवता म्हणाला, "येईल की. डॉक्टरचं कार्ड येईल तवा."

दोघंतिघं हसले. डॉक्टरांचा कप ओठाशी थांबला. "म्हणजे काय हो?"

"पावणं बाहेरचं दिसतंय," चहावाला म्हणाला. "हितली म्हण हाय ती. आमच्या रेवणप्पा दोरवाल्यानं सोलापूरच्या कुण्या डॉक्टरला जोडकार्ड टाकलं व्हतं. मग रोज टपालाची पिशवी उघडायच्या टायमाला हजर. 'आलं का कार्ड?' रोज. वरीसभर. पोरं मागं लागायची, 'रेवणप्पा, आलं का?' आता जे कधी यायचंच न्हाय, त्याला आमी डॉक्टरचं कार्ड म्हणतोय. पावसाला, गाडीला, सरकारच्या नळाला. अजून घालू का चहा?"

"नको," डॉक्टर म्हणाले. "ते दुकान कुठं आहे?"

दुकान बाजाराच्या टोकाला होतं. कासरे, दावी, म्होरक्या खुंट्यांना टांगलेल्या. मधे पन्नाशी उलटलेला एक माणूस पायाच्या अंगठ्यात केकताडाच्या वाखाचा पेड अडकवून दोर वळत बसला होता. डॉक्टर उंबऱ्याशी उभे राहिले.

"मी हत्तुरे. सोलापूरचा."

रेवणप्पाचे हात थांबले नाहीत. पेडाला दोन पीळ बसले, तीन बसले. मग त्यानं मान वर केली.

"कार्ड आणलं का?"

डॉक्टरांनी खिशातून कार्ड काढलं. रेवणप्पानं ते हातात न घेता लांबूनच बघितलं. स्वतःचं अक्षर ओळखलं. "बसा," तो म्हणाला.

डॉक्टर घोंगडीवर बसले. "चंद्रव्वा?"

"दिवाळीच्या आधी गेली. त्याच साली." तो परत दोर वळायला लागला. "तुमचं कार्ड आलं न्हाय. मी म्हणलं, डॉक्टरनं दिल्या त्या गोळ्या वाईट कशा असतील? वाईट असत्या तर कळवलं असतं की. म्हणून दुकानातनं आणल्या. सकाळ-संध्याकाळ माझ्या हातानं दिल्या. तोंडावर लाली आली. सगळे म्हणले, चंद्रव्वा कशी टवटवीत दिसाय लागली. मुंग्या परत आल्या, तरी म्हणलं, रक्त भरतंय, व्हणारच. एका सकाळी आंघोळीला उठली ती पडलीच. उजवं अंग गेलं. बोलणं गेलं. आठ दिवस काढले. ती गेल्यावरबी मी टपालात विचारत ऱ्हायलो, गोळ्यांचं खरं काय ते कळावं म्हणून."

बाहेरून एक गाढवांचा तांडा गेला. धूळ आत आली.

"सासू हाय माझी, नागम्मा," रेवणप्पा म्हणाला. "पलीकडच्या आळीत राहते. सहा वर्षं माझ्या उंबऱ्याला पाय लावला न्हाय. रस्त्यात दिसलो की 'कोंदा' म्हणते. कानडीत मारलं म्हणायचं ते. दुकानच्या गोळ्या घालून लेक मारली म्हणते. खोटं कसं म्हणू? हात तर माझाच व्हता." पहिल्यांदाच त्यानं दोर खाली ठेवला. "आता तुमी सांगा. गोळ्यांनी गेली का न्हाय? आणि चूक कुणाची?"

डॉक्टरांच्या तोंडात सवयीनं सगळं जमा झालं. ते दुष्काळाचं साल होतं, प्यायला पाणी कमी, त्यानंही रक्त दाटतं. गोळ्यांशिवायही या रोगात असा झटका येतो. नक्की असं कोणीच सांगू शकत नाही. हे सगळं खरं होतं. प्रत्येक वाक्य पुस्तकात दाखवता आलं असतं.

"गोळ्या द्यायला नको होत्या," ते म्हणाले. "त्या आमच्याकडून चुकून दिल्या गेल्या. तुम्ही विचारलंत. मी उत्तर दिलं नाही."

आवाज इतका हळू, की रेवणप्पाला पुढं वाकावं लागलं.

"आता परत मोठ्यानं म्हणू नका," तो म्हणाला. "म्हणून काय उपेग न्हाय. लिवा."

डॉक्टरांनी लगबगीनं पेन काढलं.

"हितं न्हवं. हातात घेऊन मी काय करू? लोक म्हणतील, रेवणप्पानं सोलापूरला जाऊन कुणाकडनं तरी लिहून आणलं. टपालानं टाका. वर सोलापूरचा शिक्का पाहिजे." त्याच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काहीतरी आलं. "आमचा टपालवाला भिमा लई वाईट माणूस हाय. कार्ड वाचल्याबिगर देत न्हाय. कट्ट्यावर उभं राहून मोठ्यानं वाचतोय. नागम्मा तितंच बसती."

"पाकिटात घालून पाठवलं तर..." डॉक्टरांच्या तोंडून गेलं.

रेवणप्पानं नुसतं बघितलं. डॉक्टरांनी मान खाली घातली.

निघताना त्यानं त्यांना पाणी दिलं, गूळ दिला. स्टँडपर्यंत मात्र आला नाही.

पुढचे तीन दिवस डॉक्टर टेबलाशी बसून राहिले. आधी रद्दी कागदांवर लिहिलं. 'संभवतः' आलं, 'सध्याच्या ज्ञानानुसार' आलं, दुष्काळ आला. वाचून बघितलं, तर त्यात नागम्माला कळेल असं एकही वाक्य नव्हतं. कट्ट्यावर उभा राहून भिमा 'संभवतः' वाचतोय, असं त्यांच्या डोळ्यांपुढं आलं आणि त्यांनी तो कागद चुरगळला. आयुष्यभर ते चारचौघांत बोलायचं टाळत आले होते. परिषदेतही निबंध दुसऱ्याला वाचायला देत. आता त्यांचं वाक्य बाजारात वाचलं जाणार होतं. डॉक्टर तिथं म्हणीत होताच, त्याला आता हत्तुरे हे नाव मिळणार होतं. परवा चहाच्या बाकावर त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं. तेही आठवलं.

शरणम्मा वाटीत चटणी घेऊन आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि वाटी कागदांशेजारी ठेवली.

"माझं नाव घालणार काय, सर?"

"नाही."

"घातलं तरी चालंल. पुडी माझ्याच हातची."

"तुम्हाला सांगायचं काम माझं होतं," डॉक्टर म्हणाले. "मी पेशी मोजत होतो."

शरणम्मांनी डोळे पुसले. मग वाटी पुढं सरकवून त्या म्हणाल्या, "मग तेवढंच लिवा की. एवढे कागद कशाला नासवता?"

त्या गेल्यावर डॉक्टरांनी आधी निबंध घेतला. सातव्या रुग्णापुढचं 'पुढील माहिती उपलब्ध नाही' खोडलं. तिथं लिहिलं, की रक्त काढल्यानंतर लोहाच्या गोळ्या चुकून दिल्या गेल्या, त्या थांबवण्याबद्दल विचारणा आली असता उत्तर दिलं गेलं नाही, दोन महिन्यांत पक्षाघातानं मृत्यू. 'दिलं गेलं नाही' हे त्यांनी पुन्हा वाचलं, खोडलं आणि 'मी दिलं नाही' असं केलं. परिषद असलं वाक्य छापेल की नाही, याची त्यांना शंकाच होती. शंका त्यांना सगळ्याचीच होती.

मग त्यांनी कार्ड घडीवर फाडलं. प्रश्नाचा अर्धा पुस्तकात ठेवला. कोऱ्या अर्ध्यावर, शाळेतल्या मुलासारखं अक्षर सुटं सुटं काढत, मराठीत लिहिलं.

'रेवणप्पा यांस. चंद्रव्वाला लाल गोळ्या द्यायच्या नव्हत्या. त्या आमच्या दवाखान्यातून चुकून दिल्या गेल्या. ते बघणं माझं काम होतं. तुम्ही वेळेवर विचारलंत. मी उत्तर दिलं नाही. त्या गोळ्यांनी रक्त दाट होऊन ती गेली, असं मी मानतो. तुमच्या हाताची यात काही चूक नाही. चूक माझी आहे. डॉक्टर ईश्वरप्पा हत्तुरे, सोलापूर.'

'असं मी मानतो' काढावं का, यावर ते बराच वेळ अडले. शेवटी राहू दिलं. तेवढं खरं होतं.

टपालकचेरीत दुपारची शांतता होती. खिडकीतल्या कारकुनानं कार्ड उलटसुलट केलं. "फार जुनं आहे हो हे. आता दर वाढलाय. वर एक तिकीट लावावं लागेल."

डॉक्टरांनी तिकीट घेतलं. कारकून कार्ड परत देईना. त्याची नजर मजकुरावर गेली होती, ओठ किंचित हलत होते. डॉक्टर खिडकीच्या गजांना धरून उभे राहिले. मागे एक बाई मनीऑर्डरचा फॉर्म घेऊन खोळंबली होती. वाचून झाल्यावर कारकुनानं वर बघितलं.

"हे तुम्हीच का?"

"हो," डॉक्टर म्हणाले. बाईलाही ऐकू गेलं असावं.

कारकुनानं कार्ड सरकवून दिलं, दोन्ही हातांनी. "बाहेरच्या पेटीत टाका. चारच्या डाकेत जाईल. परवा मैंदर्गीत."

डॉक्टरांनी डिंकाच्या बाटलीत बोट बुडवून तिकीट चिकटवलं. ते जरा तिरकं बसलं. बाहेर येऊन त्यांनी पेटीच्या तोंडात कार्ड धरलं आणि सोडून दिलं.